यादीत नसलेलं पेडल

परीक्षा साडेआठची होती, म्हणजे परीक्षक दहाला उगवणार, हे मिस्त्रीला ठाऊक होतं. ही त्याची तिसरी खेप. तरी तो आठ वाजताच संस्थेच्या शेडबाहेरच्या बाकावर येऊन बसला होता, कारण बायकोनं त्याला भल्या पहाटेच घराबाहेर काढलं होतं. निघताना तिनं एकच गोष्ट चारदा सांगितली. "तिथं तोंड उघडायचं नाही. हात चालवायचे, कागद घ्यायचा आणि घरी यायचं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. तुम्हाला पाय धरा असंही मी म्हणत नाही. फक्त गाढवाला गाढव म्हणू नका."

तिच्यावर हे सांगायची वेळ आली, कारण आधीच्या दोन्ही खेपा मिस्त्रीनं जिभेपायी घालवल्या होत्या. पहिल्या वर्षी परीक्षकानं हातातल्या पट्टीनं जॅक कुठं लावायचा ते दाखवलं, तेव्हा मिस्त्रीनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "साहेब, गाडी उचलायचीय की तिला सदरा शिवायचाय?" दुसऱ्या वर्षी तो काहीच बोलला नाही, नुसता हसला. पण ते हसू असं होतं की परीक्षकानं 'वर्तन' ह्या रकान्यात शून्य टाकलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

ह्या वेळी मात्र थट्टेचं काम नव्हतं. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये तो अकरा वर्षं हंगामी म्हणून राबत होता. आता नियम निघाला होता की प्रमाणपत्र असेल त्यालाच कायम करायचं, आणि तेही वयाची पन्नाशी उलटायच्या आत. मिस्त्रीची पन्नाशी दोन महिन्यांवर आली होती आणि परीक्षा वर्षातून एकदाच व्हायची. आज कागद हातात पडला तर साठीपर्यंत घोर नाही. नाही पडला तर डेपोच्या फाटकाबाहेर, आणि त्याच्या जागी कोणीतरी कागदवाला, ज्याला गाडी दुरून आली तर रंगावरून तेवढी ओळखता येते.

मिस्त्रीला कागदवाल्यांचा तिटकारा होता. खरं तर त्याला बहुतेकांचाच तिटकारा होता. गाडीला आवाज येतो म्हणून रेडिओ मोठा करणारे मालक, नट आवळताना जीभ बाहेर काढणारे शिकाऊ, हात न लावता सल्ले देणारे फोरमन, सगळे त्याच्या लेखी एकाच माळेचे मणी होते. त्याला मान होता तो फक्त कामाला. काम येणारी माणसं त्यानं आयुष्यात मोजून चार पाहिली होती, आणि त्यातला एक तो स्वतः होता.

परीक्षेचा विषय दरवर्षी तोच असायचा: मोटारीच्या पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक पॅड बदलणे. शेडमध्ये त्यासाठी एक गाडी ठेवली होती. गाडी म्हणायचं आपलं. नऊ वर्षं ती चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. इंजिन कधीच काढून नेलं होतं, गाद्या उंदरांनी खाल्ल्या होत्या, आणि नऊ वर्षं दर परीक्षेला तेच दोन जोड पॅड तिच्यातून निघत होते आणि तिच्यातच बसत होते. मधल्या एका वर्षी कोणीतरी तिचं ब्रेकचं पेडलही उपटून नेलं. तोवर भिंतीवरच्या यादीत एकोणीस पायऱ्या होत्या आणि शेवटून दुसरी होती 'ब्रेक पेडल दाबून खात्री करणे'. पेडलच नाही म्हटल्यावर ती पायरी कशी करायची, असा प्रश्न पडला. शहाण्यांनी बैठक घेतली. पेडल आणणं अवघड, पायरी काढणं सोपं. यादी अठरावर आली, पुन्हा प्लास्टिकच्या आवरणात गेली आणि पुन्हा भिंतीवर चढली. हे मिस्त्रीला संस्थेच्या शिपायानं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती यादी पाहिली की त्याचं डोकं उठायचं.

बाकावर त्याच्या शेजारी एक बाई येऊन बसली. तिशी-पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले, हातात घडी केलेलं परीक्षेचं ओळखपत्र. पाळी दुपारच्या तुकडीत, पण येऊन बसली होती सकाळीच. सुट्या भागांच्या दुकानात ती बारा वर्षं काउंटरवर होती. ब्रेक पॅडचे खोके तिनं हजारांनी विकले होते, पण एकही पॅड कधी गाडीत बसवला नव्हता. मालक म्हणाला होता, प्रमाणपत्र आण, मग दुकानामागच्या फिटिंगच्या कामाला घेतो.

"यादी पाठ आहे काका," ती म्हणाली. "पण खरं कसं करतात ते यादीवरून कळत नाही."

"यादीवरून काय कळणार? ती लिहिणाऱ्याला तरी कुठं कळलंय?"

हे बोलून मिस्त्रीला बरं वाटलं. बायकोनं परीक्षकापुढं तोंड उघडू नको म्हटलं होतं, बाकावर नको असं नव्हतं. त्यानं तिचं ओळखपत्र मागून घेतलं, ते स्वतःच्या दोन तळव्यांमध्ये उभं धरलं आणि सांगायला लागला.

"हा कागद म्हणजे डिस्क, चाकाबरोबर फिरणारी. माझे तळवे म्हणजे पॅड. मागून पिस्टन दाबतो, तळवे कागद आवळतात, गाडी थांबते. आता पॅड झिजत जातात तसा पिस्टन पुढं पुढं सरकत येतो. नवा पॅड जाड. तो बसवायचा तर पिस्टन आधी मागं ढकलावा लागतो. पटलं?"

"पटलं."

"पण मागं ढकललेला पिस्टन मागंच बसून राहतो. मधे राहते फट. त्यामुळं पहिल्यांदा पेडल दाबलं की ते सरळ तळाला जातं, ब्रेक लागतच नाही. म्हणून सगळं बसवून झालं, की गाडी एक इंच हलवायच्या आधी आत बसायचं आणि पेडल तीन-चारदा दाबायचं. दाबायचं, सोडायचं, दाबायचं. पायाला टणक लागेपर्यंत. हे ज्यानं केलं नाही त्यानं पाना खाली ठेवावा आणि दुसरा धंदा बघावा."

"यादीत हे नाही," बाई म्हणाली.

"तेच तर. यादीत मेलेली गाडी आहे. मेलेल्या गाडीला ब्रेक कशाला हवाय?"

बाई हसली. तिनं ओळखपत्राच्या मागं पेन्सिलीनं 'पेडल' असं लिहून घेतलं. मिस्त्रीला आत कुठंतरी ऊन पडल्यासारखं झालं. एवढं लक्ष देऊन त्याचं कोणी वर्षानुवर्षांत ऐकलं नव्हतं. डेपोतले ऐकायचे, पण काम होईपर्यंतच.

दहा वाजून गेल्यावर परीक्षक आला. सगळे त्याला फूटपट्टी म्हणायचे, अर्थात त्याच्या माघारी. वरच्या खिशात एक स्टीलची छोटी पट्टी कायम खोचलेली असे, आणि ती काढून तो पॅडची जाडी मोजे, कोणाच्या बुटाची नाडी सुटलेली दाखवे, कधी कधी कानही खाजवी. वीस वर्षांत त्याच्या हाताला ग्रीस लागलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक मिस्त्रीनं बरेच पाहिले होते. ह्याचा उंट जरा जास्तच उंच होता.

सकाळच्या तुकडीत नऊ जण होते. आठ जणांनी एकामागून एक त्या मेलेल्या गाडीचे तेच पॅड दहा-दहा मिनिटांत काढले आणि तेच बसवले. एकानं पॅड उलटा घातला, म्हणजे पत्र्याची बाजू डिस्ककडे. फूटपट्टीनं पट्टी लावून जाडी मोजली, बरोबर भरली, आणि त्याला पुरे गुण दिले. मिस्त्री दारातून पाहत होता. त्यानं दोन्ही ओठ दातांखाली धरून ठेवले.

नववा मिस्त्री. तो गाडीकडे निघाला, तर फूटपट्टी म्हणाला, "तुम्ही इकडे या. तुमची परीक्षा बाहेर."

बाहेर म्हणजे साहेबांच्या स्वतःच्या गाडीवर. ही तिथली जुनी रीत होती. दर परीक्षेला साहेबांच्या गाडीचं एखादं काम निघायचं, संस्थेच्या सामानातून त्याचे भाग यायचे आणि ज्याचा हात बरा असेल त्याच्याकडून ते परीक्षा म्हणून करून घेतलं जायचं. गेल्या वर्षी क्लचची वायर होती. ह्या वर्षी पुढचे पॅड. कोणाचा हात बरा हे फूटपट्टीला नेमकं कळत होतं, आणि मिस्त्रीला त्याचाच जास्त संताप आला. निव्वळ मूर्ख असता तर सोडून दिलं असतं.

गाडी शेडसमोरच्या उतारावर उभी होती, नाक खाली अंगणाकडे. मिस्त्रीनं आधी मागच्या चाकांना दगड लावले. यादीत दगड नव्हते, पण ते फूटपट्टीच्या नजरेला पडले नाहीत. मग त्यानं नट सैल केले, जॅक लावला, खाली स्टँड सरकवला, चाक उतरवलं. कॅलिपरचा, म्हणजे पॅड धरणाऱ्या पकडीचा, खालचा बोल्ट काढून त्यानं अख्खा कॅलिपर वर फिरवला आणि तारेनं बांधून ठेवला, रबरी नळीला ताण बसू नये म्हणून. जुने पॅड बाहेर आले ते बिस्किटासारखे पातळ. आतल्या अंगाचा तर पार पत्र्याला टेकला होता. अजून आठवडाभर हा माणूस असाच हिंडला असता तर डिस्कची वाट लागली असती. आणि हा आमची परीक्षा घेतो.

"पायरी सात झाली?" फूटपट्टीनं विचारलं. तो शेडच्या सावलीत खुर्चीवर बसला होता.

"झाली साहेब."

"मग आठ. आठच्या आधी नऊ करायची नाही."

"नाही करत साहेब."

हात सुरू झाले की मिस्त्रीचा स्वभाव निवळायचा. त्यानं ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं, पिस्टन मागं गेल्यावर वर येणारं तेल सांडू नये म्हणून चिंधीनं थोडं टिपून घेतलं, मग जुना पॅड मधे धरून शिकंज्यानं पिस्टन सावकाश मागं ढकलला. पिना पुसल्या, बोटभर ग्रीस लावलं, क्लिपा नव्या घातल्या. नवे पॅड जागेवर बसताना खट् असा आवाज आला. तो आवाज त्याला आवडायचा. डाव्या चाकाचं झालं, मग उजव्याचं. नट एकाआड एक आवळले, गाडी खाली घेतली, दगड काढले. चाळीस मिनिटांचं काम त्यानं बत्तीस मिनिटांत केलं होतं आणि तोंडातून 'साहेब' सोडून एकही शब्द वावगा गेला नव्हता.

मग त्यानं चिंधीला हात पुसले आणि चालकाच्या बाजूचं दार उघडलं.

"कुठे निघालात?" फूटपट्टी खुर्चीवरून उठला.

"पेडल साहेब. तीन-चारदा दाबून घेतो."

"यादीत आहे?"

"नाही, पण पिस्टन मागं..."

"यादीत नाही ते केलं की पाच गुण वजा. आणि ह्या कपड्यांनी माझ्या गाडीत बसायचं नाही." फूटपट्टीनं पट्टीनं दार लोटलं. "मागच्या वर्षी तुमचं वर्तन शून्य होतं. मला आठवतंय. तुम्हाला आठवतंय का?"

मिस्त्रीला बोलायचं बरंच होतं, पण त्यानं मूग गिळले. आणि गिळता गिळता त्याला एक गोड विचार आला. जा म्हणावं. बसा गाडीत. पेडल तळाला गेलं की ही फूटपट्टी कशी वाकते ते तरी बघू. आजवर त्यानं कोणाचं वाईट केलं नव्हतं, पण वाईट होताना बघायला मिळालं तर तो मान फिरवणाऱ्यातला नव्हता.

फूटपट्टीनं गुणांचा कागद शेजारच्या गादीवर टाकला. सही आणि शिक्का खाली अंगणात व्हायचा होता. तिथं झाडाखाली कारकून टेबल मांडून बसला होता आणि दुपारच्या तुकडीची माणसं त्याच्यापुढं रांगेत उभी होती. अंतर असेल चाळीस पावलं. चालत जाणं साहेबांच्या इभ्रतीला शोभलं नसतं. त्यानं गाडी सुरू केली, गिअर टाकून हँडब्रेक सोडला आणि गाडी उताराला लागली.

तेव्हा कुठं मिस्त्रीला उतार दिसला. म्हणजे सकाळपासून तो समोरच होता, दगड त्यानं त्यासाठीच लावले होते. पण मघाच्या गोड विचारात उतार नव्हता, टेबल नव्हतं, रांग नव्हती. रांगेत सगळ्यात पुढं, पाठ करून, ती काउंटरवाली बाई उभी होती.

टेबल जवळ आलं तसे फूटपट्टीनं क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबले. क्लचमुळं गाडी मोकळी झाली आणि ब्रेक तर नव्हताच. ती थांबायच्या ऐवजी पळायला लागली. काचेतून त्याचा चेहरा दिसत होता. तो पेडल तळाला दाबून तसाच बसला होता, जणू जोर लावला की भोक पडून पाय जमिनीला टेकेल.

मिस्त्री धावत सुटला होता. "पाय उचल," तो ओरडला. "उचल आणि परत दाब. परत. अरे उचल आधी, गाढवा."

फूटपट्टीनं पाय उचलला. दाबला. उचलला. दाबला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पेडलात जीव आला, पॅड डिस्कला भिडले आणि गाडी नाक खुपसून थांबली. टेबलाला धक्का बसला, शाईची गादी उडून धुळीत पडली. रांगेतली माणसं बाजूला पांगली होती. बाई टेबलाच्या पलीकडे उभी होती, एक हात छातीवर ठेवून. कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

फूटपट्टी उतरला. त्याच्या ओठांचा रंग गेला होता. "काय झालं साहेब?" कारकुनानं विचारलं.

फूटपट्टीनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती मिस्त्रीवर येऊन थांबली. पहिल्यांदा तो म्हणणार होता, ह्यानं काम बिघडवलं. तसा त्याचा हात उठलाही होता. पण मग आत्ताच्या आत्ता दोन्ही चाकं खोलून बघावी लागली असती, आणि आत काम चोख निघणार, चूक पेडल दाबू न देणाऱ्याचीच ठरणार, हे त्याला आता कळलं होतं. एवढं कळायला त्याला चाळीस पावलांचा उतार लागला. त्यानं हात खाली घेतला, गाडीतून कागद काढला, टेबलावर ठेवला आणि खिशातून पेन काढलं.

"पाय घसरला माझा," तो म्हणाला. "बूट नवे आहेत. हो ना, मिस्त्री?"

तीन वर्षांत त्यानं पहिल्यांदा मिस्त्री म्हटलं होतं. पेनाचं टोक कागदापासून बोटभर वर थांबलं होतं. मिस्त्रीकडे त्या क्षणी एका वाक्याचा दारूगोळा होता. ते वाक्य सुटलं असतं तर फूटपट्टीला पुन्हा कधी ह्या अंगणात पट्टी काढता आली नसती. त्याला ते वाक्य जिभेवर गोडसुद्धा लागलं.

"हो साहेब," तो म्हणाला. "घसरला."

सही झाली. चौऱ्याण्णव गुण, वर्तन उत्तम. शिक्का मात्र राहिला, कारण शाईची गादी धुळीनं भरली होती. कारकून म्हणाला, नवी आणवतो, दुपारी या.

दुपारपर्यंत मिस्त्री बाकावर बसून राहिला. बाई त्याच्याजवळ आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. "काका, अगदी तुम्ही सांगितलं तसंच झालं की. पहिलं पेडल तळाला."

"हळू बोला."

"तुम्ही ओरडला नसता तर आमचं काही खरं नव्हतं." मग आवाज उतरवून तिनं विचारलं, "पण मग पाय घसरला असं का म्हणालात?"

"शिक्का व्हायचाय अजून," मिस्त्री म्हणाला.

बाईनं मान डोलावली. तिला ते समजलं. शिक्का तिलाही हवा होता. तरी ती बाकावर बसली ती सकाळपेक्षा जरा लांब.

मिस्त्रीनं मनाशी हिशेब जुळवला. एवढंसं खोटं. त्यानं कोणाचं काय गेलं? फूटपट्टी इथून पुढं आपल्या गाडीचं पेडल दाबल्याशिवाय चावी फिरवणार नाही, म्हणजे तो शिकलाच. बाकी संस्था, यादी, शिक्के हे सगळं आधीही भिकार होतं आणि पुढंही राहील. आपण काय जगाचा मक्ता घेतलाय? असं म्हटल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं.

दुपारी नवी गादी आली. ऊन वाढलं म्हणून कारकुनानं टेबल शेडच्या दारात आणून मांडलं. मिस्त्रीचा कागद सगळ्यात वर होता. आत मेलेल्या गाडीपाशी बाईची पाळी चालू होती. मिस्त्री कागदासाठी टेबलापाशी उभा राहिला आणि न राहवून आत बघत राहिला. बाईचे हात नवखे होते, पण घाईचे नव्हते. पॅड हातात घेऊन ती आधी दोन्ही बाजू बघत होती, मग बसवत होती. कॅलिपर तिनं तारेनं बांधला. यादीत तार नव्हती, सकाळी बाहेर त्यानं बांधताना तिनं पाहिली असणार. मिस्त्रीला वाटलं, पाचवी. काम येणारी पाचवी ही होणार.

अठरावी पायरी झाली. बाईनं पाना खाली ठेवला, हात पुसले आणि फूटपट्टीकडे वळून साध्या आवाजात म्हणाली, "साहेब, पेडल असतं तर गाडी हलवायच्या आधी आता ते तीन-चारदा दाबलं असतं."

मागं कोणीतरी खोकलं, पण तो खोकला नव्हता. सकाळचा प्रकार सगळ्यांनी पाहिला होता आणि नव्या बुटांवर कोणाचाच विश्वास बसला नव्हता. फूटपट्टीचे कान लाल झाले.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

बाईनं बोट दाखवलं नाही. तिनं फक्त दाराकडे पाहिलं, घरचं माणूस जवळ असल्यावर पाहतात तसं. तिला वाटलं होतं की तो आता पुढं येईल.

"मिस्त्री," फूटपट्टी म्हणाला, "तुम्ही सांगितलंत?"

कारकुनाचा हात शिक्क्यासकट वर उचललेला होता आणि तो साहेबांकडे बघत थांबला होता. खाली मिस्त्रीचा कागद होता.

"नाही साहेब," मिस्त्री म्हणाला. इथं तो थांबला असता तरी भागलं असतं. पण तो थांबला नाही. "मी कशाला सांगू? यादीत आहे तेच बरोबर. बाहेरचं ऐकून लोक काहीतरी डोक्यात घेतात."

फूटपट्टीनं बाईच्या कागदावर पाच गुण वजा केले. मग पट्टी लावून पॅडची जाडी मोजली, आणि वर्तनाच्या रकान्यातही काहीतरी लिहिलं.

बाई रागावली नाही. रागावली असती तर मिस्त्रीला चाललं असतं, रागाला तोंड द्यायला तो मुरलेला होता. तिनं त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. अशा नजरेनं तो स्वतः आयुष्यभर माणसांकडे पाहत आला होता, पण ती अंगावर पडल्यावर कशी लागते हे त्याला पन्नाशीला येईपर्यंत माहीत नव्हतं. मग ती फूटपट्टीकडे वळली.

"चूक माझीच साहेब," ती म्हणाली. "सांगणारा माणूस न बघताच ऐकलं मी."

कारकुनानं शिक्का उमटवला. गादी नवी होती, ठसा स्वच्छ आला. मिस्त्रीनं कागद उचलला, आणि शाई ओली होती म्हणून त्याला घडी न घालता, तो तसाच समोर धरून सगळ्यांच्या मधून बाहेर जावं लागलं.